कोअरमधल्या (समुद्रतळातून नळीने काढलेल्या नमुन्यातल्या) चिखलात ध्वनिवेग १४३० मी./से. च येतोय. गॅस की माझी चूक? (प्रश्न ‘गाळवाला’चा; उत्तरं ‘शून्यवेळ’ आणि ‘खालचा थर’ या नावांच्या सदस्यांची.)

गाळवाला: गोव्यासमोर ३० मीटर पाण्यातला ग्रॅव्हिटी कोअर (वजनाने तळात रुतणाऱ्या नळीने काढलेला नमुना) आहे. पीव्हीसी लायनर (नमुना ज्यात असतो ती नळी), आतला व्यास ६५ मिमी, भिंत २.५ मिमी. २५० किलोहर्ट्झचे दोन ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारा आणि टिपणारा) समोरासमोर लावून पल्स आरपार सोडतो. खोली २३ अंश. शून्यवेळ (मोजलेल्या वेळेतून वजा करायचा, नमुन्याबाहेरचा विलंब) दोन्ही ट्रान्सड्यूसर एकमेकांना टेकवून घेतली. वरच्या ९० सेंमीत सगळीकडे १४२५ ते १४३५ मी./से.; त्याखाली गेन (सिग्नलचं वर्धन) कितीही वाढवा, सिग्नलच नाही. गॅसमुळे वेग कमी, असं धरू का?

शून्यवेळ: नका धरू. गॅस असता तर आकडे असे एका रांगेत बसले नसते. तुम्ही भिंती विसरलात. पीव्हीसीत वेग साधारण २३००, म्हणजे दोन भिंतींचे २.२ मायक्रोसेकंद. ६५ मिमी १५०० ने कापायला ४३.३ लागतात, त्यात २.२ मिसळा, ४५.५ होतात, आणि भागाकार येतो १४२९!

त्याच लायनरचा तुकडा डिस्टिल्ड पाण्याने भरून रात्रभर कोअरशेजारी ठेवा. आतल्या भिंतीला चिकटलेले बुडबुडे पुसून काढा, नाहीतर सगळं मुसळ केरात. २३ अंशाला पाण्यात वेग १४९१, म्हणजे ४३.६ मायक्रोसेकंद. त्याहून जास्त येतील तेवढी तुमची शून्यवेळ. एक मायक्रोसेकंद चुकला की ३४ मी./से. गेले.

खालचा थर: ९० सेंमीखाली मात्र गॅसच असावा, कोकण-गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या चिखलात मिथेन नवा नाही. पण ३० मीटरवर दाब चार वातावरणांचा, डेकवर एकाचा. बुडबुडे चौपट फुगतात, विरघळलेला वायूही सुटतो. त्यामुळे तळाशी मुळात गॅस किती होता, हे या कोअरवरून सांगता येणार नाही. आणि २५० किलोहर्ट्झ बुडबुड्यांच्या अनुनादाच्या (ज्या वारंवारतेला ते सर्वांत जोरात कंप पावतात तिच्या) बराच वर आहे (पाण्यात १ मिमी त्रिज्येचा बुडबुडा ३.३ किलोहर्ट्झच्या आसपास वाजतो), म्हणून तिथे वेग पडत नाही, सिग्नल मरतो. ३.५ किलोहर्ट्झच्या सब-बॉटम रेकॉर्डवर (जहाजावरून ध्वनीने घेतलेल्या तळाखालच्या थरांच्या चित्रावर) त्याच जागी खालचे थर पुसले गेलेत का, ते पाहा.

गाळवाला: वरच्या भागाचं क्षीणन (ध्वनी किती मंदावतो ते) त्याच पल्सच्या उंचीवरून काढू?

शून्यवेळ: चिखलात मीटरला २५ डेसिबल धरले तरी ६५ मिमीत जेमतेम १.६. ट्रान्सड्यूसर थोडा कमी-जास्त दाबला तरी तेवढा फरक पडतो. स्प्रिंगने ठरावीक दाब द्या, ट्रान्सड्यूसर आणि लायनरमधलं जेल पुसून तीनदा लावा. तिन्ही वाचनं अर्ध्या डेसिबलमध्ये बसली नाहीत तर तो आकडा छापू नका. वेगही नुसता देऊ नका: त्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्याशी गुणोत्तर द्या. मऊ चिखलात ते ०.९८–०.९९ च्या आसपास येतं, आणि तळाच्या पाण्यातल्या वेगाने गुणलं की काम झालं.