ब्रिटनहून अमेरिकेला गेलात तेव्हा काय वेगळं जाणवलं?

शेजारच्या ब्रिटिश आजी पहिल्यांदाच अमेरिकेला निघाल्यात, लेकीकडे बोस्टनला. काल कुंपणापाशी विचारत होत्या, तिकडे लोक खरंच अनोळखी माणसाशी बोलतात का गं? मला आमची पहिली ट्रिप आठवली. इतकी वर्षं बर्मिंगहॅमला राहून बसस्टॉपवर गप्प उभं राहायची सवय झालेली आणि तिकडे दुकानात काउंटरवरची बाई माझ्या कानातल्यांचं कौतुक करून, कुठून आलात, मुलं किती, सगळं विचारून मोकळी, मागे ही रांग! नवरा म्हणाला धंद्यापुरतं गोड बोलतात. मला नाही पटत. आम्ही रस्ता चुकलो तेव्हा एक गृहस्थ स्वतःहून थांबले, हायवे लागेपर्यंत आपली गाडी पुढे ठेवून रस्ता दाखवला. त्यांना काय मिळणार होतं? तुम्हीही लिहा, बरंवाईट सगळं.

लेस्टरकर
आजींना सांगा टिप १८-२० टक्के धरून चाला. आणि लेबलवरच्या किमतीवर सेल्स टॅक्स वेगळा चढतो, इथल्या व्हॅटसारखा आतच धरलेला नसतो. ओरेगनमध्ये मात्र तो टॅक्सच नाही. टिपचा मला आधी राग यायचा, पण टिपवर जगणाऱ्यांचा फेडरल किमान पगार तासाला २.१३ डॉलर, १९९१ पासून तेवढाच, काही राज्यं जास्त देतात म्हणा. हे कळल्यापासून हात आखडत नाही.

मीठमिरची
पब्लिक बाथरूमच्या दारांच्या फटी!!! एवढा श्रीमंत देश आणि दार पूर्ण लावता येत नाही

रानवाटा
अंतरं. आय-१० हायवेवरून टेक्सास आडवं पार करायला जवळपास १४०० किमी, म्हणजे आपलं लँड्स एंड ते जॉन ओ'ग्रोट्स, ब्रिटनचं एक टोक ते दुसरं टोक, आणि एवढं जाऊन राज्य एकच. भाऊजी सहज म्हणाले जवळच आहे, चार तास फक्त. इथे चार तास म्हटलं की आम्ही मुक्कामाची बॅग भरतो

चहाबाज
चहाचं कोणीच कसं काढलं नाही? तिकडे १२० व्होल्ट, त्यामुळे किटली इथल्यापेक्षा हळू तापते, बऱ्याच घरांत तर किटलीच नाही, मायक्रोवेव्हमध्ये पाणी. मी चहापत्ती घेऊन जाते.

मीठमिरची
@चहाबाज कुठली नेतेस? इथली मला फिकी लागते, दूध घातलं की संपलंच

चहाबाज
@मीठमिरची आसाम सीटीसी, इंडियन दुकानातली. पत्ती आधी उकळ मग दूध

नर्मदाकाठ
जरा गंभीर लिहिते. सासरे तिकडे पायरीवरून पडले, हाड मोडलं नव्हतं, तरी इमर्जन्सीत आधी इन्शुरन्सचं कार्ड विचारलं, नंतर बिलं वेगवेगळी येत राहिली, डॉक्टरांचं निराळं, एक्सरेचं निराळं. नर्स फार मायेने वागली, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण १९४८ पासून इथे एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा आहे, कितीही वाट बघायला लागो, दवाखान्यात शिरताना पैशांचा विचार मनात येत नाही, याची किंमत तेव्हा कळली. ट्रॅव्हल इन्शुरन्सशिवाय कुणालाही पाठवू नका.

बर्मिंगहॅमवाली (धागाकर्ती)
@नर्मदाकाठ बाप रे. सासरे बरे आहेत ना आता?

नर्मदाकाठ
हो हो, रोज फिरायला जातात 🙂

यॉर्कशरची सून
अनोळखी माणसाशी बोलत नाहीत हे इंग्लंडच्या दक्षिणेकडचं झालं. आमच्याकडे शेफील्डला या, बसमध्ये बायका अख्खं खानदान विचारतात. आणि न्यूयॉर्कच्या सबवेत माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, तेव्हा देशापेक्षा गावागावावर आहे हे.