लपवून ठेवलेल्या मैत्रिणीविषयी इतरांशी बोलावे का?

प्रश्न: माझी मैत्रीण एका प्रतिष्ठित घराण्यातील असून चाकाची खुर्ची वापरते, पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत नेऊन दार लोटले जाते, आणि तिचे बोलणे समजायला वेळ लागतो म्हणून तिला कोणी काही विचारतही नाही. मी याची वाच्यता करावी का?

उत्तर १: आधी तिलाच विचारा, आणि तिचे वाक्य पुरे होईपर्यंत मध्ये शब्द पुरवू नका. तिच्या संमतीशिवाय बोललात, तर तुमच्या भेटीही बंद होतील, याची मला काळजी वाटते.

उत्तर २: १९४१ मध्ये मेंदूवरील शस्त्रक्रिया फसल्यावर पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडी यांच्या भगिनी रोझमेरी केनेडी अनेक दशके संस्थेत राहिल्या, बहीण युनिस यांनी त्यांच्याविषयी जाहीरपणे लिहिले ते १९६२ मध्ये. मौन इतके लांबते.

प्रश्नकर्ती: काल विचारले. अक्षरफलकावर बोट सरकवत तिने लिहिले, “आधी आईशी मी बोलते. तू शेजारी बस.”