मदत हवी आहे : डुकराच्या पिल्लांच्या स्वॅबमधून (काडीच्या कापसावर घेतलेला नमुना) दोनदा निदान झालं नाही

नमस्कार मंडळी. यॉर्कशायर जातीची डुकरं, ४० माद्या. दूध तोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिल्लं आडवी पडून पाय मारतात, मान मागे ताणतात. काहींचे सांधे सुजलेले. ताप १०५-१०६ फॅरनहाइट. मेलेल्या पिल्लांच्या नाकाचे आणि फुफ्फुसाचे कोरडे स्वॅब दोनदा पाठवले, पोचायला दोन दिवस लागले. एकदा 'नो ग्रोथ' (काहीच उगवलं नाही), एकदा 'मिक्स्ड ग्रोथ' (अनेक जंतूंची सरमिसळ). त्याआधी अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) चालू होतं. लॅब बदलू का?

प्रतिसाद १
लॅब नको, नमुना बदला. संशय दोन जंतूंवर: स्ट्रेप्टोकोकस सुइस आणि ग्लेसरेला पॅरासुइस (जुनं नाव हिमोफिलस). दोघंही धडधाकट डुकराच्या नाका-घशात राहतात, त्यामुळे नाकात सापडले तरी निदान होत नाही.

पिल्लू आजच पाय मारायला लागलेलं, औषधाचा एकही डोस न मिळालेलं हवं. अशी दोन-तीन. डॉक्टरांकरवी दयामरण देऊन लगेच पोस्टमॉर्टम. रात्री मेलेलं पिल्लू सकाळी उघडलं की आतड्यातले जंतू सगळीकडे पसरलेले असतात. तुमचं 'मिक्स्ड' बहुधा तेच.

सांधा नुकता सुजलेला घ्या, जुन्या घट्ट पुवात जंतू बहुतेक मेलेले असतात. केस काढा, ७० टक्के अल्कोहोल लावा आणि वाळू द्या. ओल्यातच सुई घातली तर अल्कोहोल आत जातं आणि नमुना तिथेच संपतो. सांध्यातलं अर्धा-एक मिली पाणी ओढून निर्जंतुक बाटलीत. मेंदूच्या आवरणाखालून आणि हृदयाच्या पिशवीतून एकेक स्वॅब, कोळसावाल्या एमीज माध्यमात (वाटेत जंतू जिवंत ठेवणारी जेलची नळी). आईस पॅकवर ठेवा, गोठवू नका, २४ तासांत पोचवा. ग्लेसरेला शरीराबाहेर फार टिकत नाही.

फॉर्मवर लिहाच: "चॉकलेट अगार, किंवा ब्लड अगारवर स्टॅफिलोकोकसची रेघ, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ४८ तास." अगार म्हणजे जंतू वाढवायची प्लेट. ग्लेसरेलाला वाढायला एनएडी नावाचा घटक लागतो, तो मेंढीच्या रक्ताच्या साध्या प्लेटवर पुरेसा मिळत नाही; चॉकलेट अगारमध्ये किंवा स्टॅफिलोकोकसच्या रेघेजवळ मिळतो. रेघेच्या कडेने बारीक ठिपके उठले तर संशय पक्का. स्ट्रेप सुइस मात्र साध्या प्लेटवरही दुसऱ्या दिवशी हिरवट कड्यासह दिसतो.

हातमोजे विसरू नका. स्ट्रेप सुइस माणसालाही मेंदूज्वर देतो, त्यात बहिरेपण येतं.

धागाकर्ता
पीसीआरलाही (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) तोच कोळशाचा स्वॅब चालेल?

प्रतिसाद १
कोळसा पीसीआरमध्ये अडथळा आणू शकतो. त्याच जागेचा दुसरा, कोरडा निर्जंतुक स्वॅब वेगळ्या नळीत द्या. नाकाच्या स्वॅबवर पीसीआर करून पैसे घालवू नका, ते पॉझिटिव्ह येणारच.

प्रतिसाद २
दोन गोष्टी राहिल्या. मोठी जनावरंही पटापट मरत असतील, कान-पोट लाल-निळं पडत असेल तर एकही मेलेलं जनावर उघडू नका. आधी सरकारी पशुवैद्यकांना कळवा, आफ्रिकन आणि क्लासिकल स्वाइन फीव्हर नाही ना ते बघू द्या.

दुसरं, पाणी. पाणी प्यायची निपल (नळाची तोटी) तुंबून पिल्लं तहानली की मिठाच्या विषबाधेने अशीच पाय मारतात, फक्त ताप सहसा नसतो. तुमच्याकडे ताप आहे, तरी मापटं लावून बघाच: मिनिटाला अर्धा लिटरही पडत नसेल तर निपल साफ करा. मेंदूचा अर्धा भाग दहापट फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणारं, पण जंतू मारणारं द्रव) वेगळा पाठवा, विषबाधा असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या काचपट्टीवर कळेल. पण कल्चरसाठी (जंतू वाढवून बघायला) ठेवलेला दुसरा अर्धा भाग त्या बाटलीजवळही नेऊ नका.