मदत हवी: इंग्रजी वाक्यातलं पॅरलल स्ट्रक्चर (जोडलेले तुकडे एकाच घडणीचे असणं) तपासायचं कसं?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. मराठी माध्यमाच्या दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवतोय. 'शी लाइक्स रीडिंग, टु सिंग अँड क्रिकेट' हे चुकलंय इतपत त्यांना कळतं, दुरुस्त करताना मात्र नडतं. 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' आलं की सगळाच घोळ. एखादी पक्की पद्धत सांगा की.

निपाणीकर:
सर, 'तिला वाचायला, गाणी आणि क्रिकेट आवडतं' हे मराठीत खपून जातं, पोरं तेच इंग्रजीत उतरवतात. आधी 'अँड', 'ऑर', 'बट' यांना गोल करायला लावा. मग जोडलेले तुकडे एकाखाली एक लिहायचे. रीडिंग, टु सिंग, क्रिकेट असे उभे मांडले की विसंगती लगेच दिसते. एकच घडण ठरवून बाकीचे त्यात बसवा: 'रीडिंग, सिंगिंग अँड प्लेइंग क्रिकेट'. नुसतं 'शी लाइक्स' प्रत्येकाला जोडून बघू नका, तिन्ही सुटे बरोबरच वाटतात आणि चूक निसटते.

'टु' एकदाच सुरुवातीला, नाहीतर प्रत्येक तुकड्याला. 'वी वेंट टु गोकाक टु सी द फॉल्स, बाय करदंट अँड टु टेक फोटोज' (करदंट म्हणजे तिथली मिठाई) यात मधलाच 'टु' गळलाय.

चिकोडीची ताई:
'नॉट ओन्ली'चं सगळं त्याच्या जागेवर अवलंबून आहे. त्याच्या लगेच पुढे जे येतं, तेच 'बट ऑल्सो'च्या पुढे यायला पाहिजे. 'ही नॉट ओन्ली ग्रोज शुगरकेन बट ऑल्सो टोबॅको' यात एकीकडे क्रियापद, दुसरीकडे नाम. 'नॉट ओन्ली' उचलून 'ग्रोज'च्या पुढे टाका, झालं: 'ही ग्रोज नॉट ओन्ली शुगरकेन बट ऑल्सो टोबॅको'. 'आयदर-ऑर', 'बोथ-अँड' यांनाही हेच लागू.

तुलनेकडेही बघा. 'द रेनफॉल ऑफ खानापूर इज हेवियर दॅन बेळगाव' म्हणजे पावसाची तुलना थेट शहराशी! 'दॅन दॅट ऑफ बेळगाव' हवं.

खानापूरकर:
लई उपयोग झाला, ताई. मग 'द बस रीच्ड निपाणी सेफली अँड ऑन टाइम' हेही चूकच ना?

चिकोडीची ताई:
नाही हो सर, ते बरोबर आहे. दोन्ही तुकडे 'रीच्ड'बद्दलच सांगतात, बस कशी पोचली आणि केव्हा. काम एकच असलं की रूपात एवढा फरक चालतो. तिथं लाल पेन लावू नका.