गुडघे गेलेत पण फरशीचं काम सोडता येत नाही, काय करावं?

फरशीवाला_चिंचवड
नमस्कार मंडळी. मी फरशी बसवायचं काम करतो, वय 47, गाव सोलापूरकडचं, पण पोटापाण्यासाठी चिंचवडला. उजवा गुडघा दोन-अडीच वर्षांपासून दुखतोय, आता डाव्यानेपण सुरुवात केलीय. सकाळी उठलं की पाच-दहा मिनिटं पाय आखडलेला असतो मग चाललं की मोकळा होतो, त्याचं एवढं काही नाही. पण खाली बसून एक लाइन लावली की उठताना भिंत धरावी लागते आणि गुडघ्यातून कटकट आवाज येतो, बिगारी पोरं बघत असतात. उभं राहून एक्सरे काढला, सांध्यातल्या हाडांमधली गॅप कमी झालीय, झिजेची ग्रेड 3 म्हणाले. डॉक्टर म्हणतात मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, वजन उचलू नका. मी म्हटलं साहेब मग फरशी उभ्यानं फेकून बसवू का? ते हसले आणि म्हणाले धंदा बदला. आता धंदा बदला म्हणजे काय, घराचा हप्ता चालू आहे, पोरगी बारावीला आहे, आणि मी काम अंगावर घेतो त्यामुळे घरी बसलो की पैसा बंद. सध्या मेडिकलवाल्याकडून घेतलेली गोळी रोज संध्याकाळी खातो, तेवढ्यावर रात्र निघते. माझं विचारणं एवढंच की असंच काम चालू ठेवलं तर गुडघा लवकर बाद होईल का, ऑपरेशन करून परत खाली बसता येतं का, आणि याच लाइनमधले कोणी असतील तर तुम्ही कसं निभावता?

पाइपवाला_दादा
भाऊ मी प्लंबिंगमधला, बाथरूमच्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसून अर्धं आयुष्य गेलं त्यामुळे तुझं दुखणं कळतं. आधी सांग नी पॅड वापरतोस का? आपल्याकडे लोक पोत्याची घडी नाहीतर थर्माकोलचा तुकडा घेतात, तो सरकत राहतो आणि प्रत्येक वेळी ओढून घेताना गुडघ्याला पीळ बसतो. जेलवाले जाड पॅड घे, पट्टा गुडघ्याच्या मागे काचणार नाही असा बघ. आणि एक महत्त्वाचं, ओला माल पॅडच्या आत गेला तर लगेच काढून धू, सिमेंटनं कातडी भाजते, पॅडखाली कळतपण नाही, संध्याकाळी बघावं तर लालभडक.

दुसरं म्हणजे कामं निवडायला शिक. डॅडो म्हणजे भिंतीवरच्या टाइलचं आणि किचनच्या भिंतीचं काम जास्त घे, त्यात निम्मं काम तरी उभ्यानं होतं. जमिनीचं काम असेल तर माल पसरणं, फटीत ग्राउट भरणं, भिंतीच्या तळाची स्कर्टिंगची पट्टी लावणं हे पोरांना शिकव आणि तू लेव्हल, मार्किंग, कटिंग बघ. कटर खाली ठेवून उकिडवं बसून कापायची आपल्याला सवयच लागलीय, फळ्यांचा कंबरेएवढा उंच स्टँड, घोडा म्हणतात तो, करून त्यावर ठेव, नुसत्या एवढ्यानं दिवसाची किती उठबस वाचते बघ. 2 बाय 4 फुटांची व्हिट्रिफाइड टाइल एकटीच 15 किलोच्या आसपास भरते, ती एकट्यानं उचलून खाली वाकून टेकवायची म्हणजे गुडघ्याचं वाटोळंच. काचेला लावतात तसला सक्शन कप घे आणि दोघांनी उचला. मिस्त्रीला लाज कसली त्यात.

फिजिओ_ताई
मी फिजिओथेरपिस्ट आहे, जरा मोठं लिहिते. ग्रेड 3 हा शब्द ऐकून घाबरू नका, एक्सरेतली ग्रेड आणि प्रत्यक्ष दुखणं यांचा मेळ नेहमी बसतोच असं नाही. ग्रेड 3 असून शेतात राबणारे लोक माझ्याकडे येतात आणि ग्रेड 2 असून जिना न चढू शकणारेही येतात. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत जातो म्हणजे चित्र झिजेचंच दिसतं. तो तासभर टिकत असता, बोटं-मनगटं सुजत असती तर संधिवाताच्या रक्ततपासण्या करा म्हटलं असतं.

मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू, क्वाड्रिसेप्स म्हणतात तो, हाच गुडघ्याचा खरा पट्टा, आणि दुखतं म्हणून आपण पाय वाचवत चालतो त्यात तोच आधी बारीक होतो. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबा, पाच ते दहा सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. मग एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलून धरणं. ते जमायला लागलं की उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. करताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणं वाढलेलंच राहिलं तर जास्त झालं समजा आणि कमी करा. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. आठवड्यात सोडून देऊन "व्यायामानं काही होत नाही" म्हणणारे खूप भेटतात!

वजन किती आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो, त्यामुळे पोट असेल तर तिकडेही बघा.

आणि ती रोजची गोळी. उन्हात घाम गाळायचा, पाणी कमी प्यायचं आणि वरून रोज पेनकिलर, किडनीची वाट लावायला एवढं पुरे. डॉक्टरांना दाखवून बीपी आणि क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) तपासून घ्या, आधी डायक्लोफिनॅकचं जेल लावून बघता येईल का ते विचारा, गुडघा कातडीच्या जवळ असल्यानं तिथे ते बऱ्यापैकी लागू पडतं.

वनौषधी_प्रेमी
हे सगळं करण्यापेक्षा एकदा आमच्या गावाकडच्या वैदूची पुडी घेऊन बघा. माझ्या काकांना तिसऱ्या दिवशी आराम पडला, आता पळतात. साइड इफेक्ट शून्य.

रानवारा
वनौषधी_प्रेमी, तिसऱ्या दिवशी पळायला लावणाऱ्या पुडीत बहुतेकदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. आमच्या आत्याचं तेच झालं, तोंड सुजलं, साखर वाढली आणि एकदम बंद केल्यावर उठवेना. तेल लावा, शेक घ्या, त्याला कोण नको म्हणतंय, पण ज्या पुडीवर नाव नाही गाव नाही ती पोटात घालू नका.

म्युनिकचा_मराठी
इकडे जर्मनीत गुडघ्याची झीज 2009 पासून कामामुळे होणाऱ्या आजारांच्या सरकारी यादीत आहे. अट अशी की आयुष्यभरात मिळून किमान 13,000 तास गुडघ्यावर किंवा उकिडवं बसून काम झालेलं पाहिजे आणि दर पाळीत किमान एक तास. म्हणजे दिवसाला चार तास धरले तर दहा-बारा वर्षांत कोणताही फरशीवाला तिथे पोचतो. त्यामुळे कामानं फरक पडतो का याचं उत्तर हो असंच आहे, नुसतं वय झालं म्हणून दुखतंय असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. आपल्याकडे याची भरपाई कोण देणार तो भाग वेगळा.

फिजिओ_ताई
ऑपरेशनचं राहिलंच. सांधा बदलून चालणं-फिरणं, जिने, रात्रीची झोप हे छान सुधारतं. पण नवीन गुडघ्यावर रोज टेकून, उकिडवं बसून फरशी बसवायला बहुतेक सर्जन नकोच म्हणतात, पूर्ण वाकतही नाही तेवढा. आणि कृत्रिम सांधा बहुतेकांचा 15-20 वर्षं चालतो, 47 ला बसवला तर पुढे दुसरं ऑपरेशन डोक्यावर राहतं. म्हणून तुमच्या वयात जेवढं लांबवता येईल तेवढं बरं. पुढे कधी वेळ आलीच तर 2017 पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या म्हणजे त्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे हे लक्षात ठेवा आणि बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवायला सांगा. दुर्बिणीतून गुडघा धुऊन देतो असं कोणी म्हणालं तर नुसत्या झिजेसाठी त्याचा उपयोग नाही. गुडघा मध्येच अडकून लॉक होत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ऑर्थोपेडिककडे जाच. अचानक सुजला, लाल-गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

साइट_सुपरवायझर
मिस्त्री, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का? वय 18 ते 60 चालतं आणि मागच्या वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, तो ठेकेदाराकडून मिळतो. अंगावर काम घेणारे तुमच्यासारखे लोक इथेच अडकतात कारण ठेकेदार सही द्यायला टाळतो, तरी मागे लागा. शिवाय रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत (सरकारची मोफत उपचारांची योजना) काय बसतं ते योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे तिथल्या मदतनिसाला विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत.

फरशीवाला_चिंचवड
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. वजन 84 आहे ताई, उंची 5 फूट 5, म्हणजे पोट आहेच. घोड्याची आयडिया पटली पाइपवाला भाऊ, साइटवर फळ्या पडलेल्याच असतात, उद्याच ठोकतो. नोंदणी नाही, करतो. ताई एकच विचारायचंय, तो टॉवेलचा व्यायाम जेवणाच्या सुट्टीत साइटवरच केला तर चालेल का? घरी गेल्यावर अंगात त्राण राहत नाही, खोटं कशाला बोलू. आणि आमच्या घरी इंडियन संडास आहे, तिथंच सगळ्यात जास्त जीव जातो.

फिजिओ_ताई
चालेल, टॉवेलऐवजी सिमेंटच्या रिकाम्या गोणीची झटकून घडी केली तरी चालते. जेवल्या जेवल्या नको, आधी करा. संडाससाठी मध्ये भोक असलेली कमोड खुर्ची मिळते, भांड्यावर ठेवायची, सर्जिकलच्या दुकानात विचारा. आणि कामावर अर्ध्या तासानं एकदा उठून दोन मिनिटं चालायचं, लाइन अर्धी राहिली असली तरी. जिना चढताना आधी बरा पाय टाका, उतरताना आधी दुखरा.

पाइपवाला_दादा
लाइन अर्धी सोडून मिस्त्री उठेल होय, ताई तुम्ही मिस्त्री बघितले नाहीत. मोबाइलला अलार्म लाव रे बाबा, आणि पोरांना सांगून ठेव वाजला की चहा.