पणजोबा रेल्वेचे की पलटणीचे? (इगतपुरी ते पूर्व आफ्रिका)

घाटमाथा_इगतपुरी:
नमस्कार मंडळी. आमचे पणजोबा जी.आय.पी. रेल्वेत (आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) गँगमन, म्हणजे रूळ राखणारे कामगार होते, थळ घाटात. पहिल्या महायुद्धात मोंबासाला गेले ते परत आलेच नाहीत. आजी सांगायची, रुळावर काम करताना वाघानं नेलं. चुलत आजोबा म्हणायचे, गोळी लागली. गावातले एक जाणकार तर छातीठोकपणे सांगतात, "सैनिक कसले, हमाल म्हणून नेले होते." घरात एक पदक आहे, एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा माणूस. कागद एकही नाही. छडा कसा लावायचा?

जुना_पीडब्ल्यूआय (नाशिकरोड):
आधी वाघाचा निकाल लावू. आफ्रिकेत वाघ नसतो. केनियातल्या त्साव्होच्या सिंहांनी मोंबासाहून आत जाणाऱ्या युगांडा रेल्वेवरचे आपले मजूर खाल्ले हे खरं, पण ते सिंह डिसेंबर १८९८ मध्येच मारले गेले. ती गोष्ट पुढं रेल्वेवाल्यांच्या तोंडी फिरली आणि बहुतेक तुमच्या घरात येऊन बसली.

आता खरं काम. त्साव्होपासून जवळच व्होई स्टेशन. तिथून माकटाऊ, पुढं टावेटा, म्हणजे जर्मन हद्दीकडं, १९१५-१६ मध्ये लष्करी लाइन टाकली. सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे हिंदी लष्कराच्या बांधकाम पलटणींच्या, २५ आणि २६ नंबरच्या रेल्वे कंपन्या त्या कामावर होत्या. आपल्याकडं ब्रॉडगेज, तिकडं मीटरगेज, पण स्लीपरखाली खडी ठोकायची ती बीटरनंच, म्हणजे खडी ठोकायच्या हत्यारानंच. जर्मन टोळ्या झाडीतून येऊन मोंबासा लाइनीवर सुरुंग पेरायच्या. अशा रुळांवर पायी फिरणं काय असतं, ते पावसाळ्यात घाटात रात्रीची गस्त घातलेल्यालाच कळेल! मी घातलीय, तिथं फक्त दरड कोसळायची भीती होती.

तुमच्या जाणकारांना सांगा, एक सदतीसच्या (सदतीस फुटांत एक फूट) चढणीवर रूळ धरून ठेवणारा गँगमन हमाल नसतो.

देवळाली_कॅम्प:
साहेबांचा राग समजू शकतो, पण हमाल की सैनिक याचं उत्तर पदकातच आहे. वर्णनावरून ते ब्रिटिश वॉर मेडल. लढाऊ दलातल्यांना चांदीचं मिळालं, लेबर कोअरसारख्या (मजूर दल) बिगर-लढाऊंपैकी बऱ्याच जणांना काशाचं. कडेवर नंबर, हुद्दा, नाव, युनिट कोरलेलं असतं. कृपा करून चिंचेनं किंवा ब्रासोनं घासू नका, कोरीव अक्षरं आधीच उथळ असतात. खडू हलका चोळा आणि उजेड तिरका पाडा.

गोळीबद्दल: पूर्व आफ्रिकेत गोळीपेक्षा मलेरिया आणि आमांशानं जास्त माणसं नेली. तापानं गेले असले तरी नोंद सैनिकाच्या मृत्यूचीच होते.

घाटमाथा_इगतपुरी:
पाहिलं. पांढरं आहे, चांदीच असावी. आईनं एकदा दिवाळीत घासलं होतं म्हणे, नशीब आमचं. नंबर, मग "सॅपर", नाव अर्धं, शेवटी "एस अँड एम", म्हणजे सॅपर्स अँड मायनर्सच. चुलत आजोबांच्या मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, "मग गोळीच." आता त्याला काय सांगू?

जुना_पीडब्ल्यूआय (नाशिकरोड):
सांगा, थांब जरा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साइटवर नंबर टाका. सापडले तर मृत्यूची तारीख आणि स्मारक कळेल. कधी बापाचं नाव, गाव, तालुकाही मिळतो. नावावरून शोधाल तर इंग्रजांनी लिहिलेली स्पेलिंगं डोकं फिरवतील, जिल्हा "नासिक" असाच टाका. मग त्या तारखेच्या आसपासची कंपनीची वॉर डायरी, म्हणजे रोजची नोंदवही, लंडनला क्यूच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये मिळते का बघा. पंजाबच्या सैनिकांची लाहोरला सापडलेली रजिस्टरं चाळत बसू नका, त्यात नाशिक नाही.

घाटमाथा_इगतपुरी:
नंबरचा शेवटचा आकडा ३ की ८ कळत नाहीये.

देवळाली_कॅम्प:
दोन्ही टाकून बघा. आणि कडेचा फोटो इथं चढवा, नावाचा भाग झाकून.