झुकिनीची ‘अभिवृद्धी’ की लागवड?

प्रश्न : भाजीपाल्याच्या बागेविषयीच्या एका अनुवादात ‘झुकिनी वाढवणे आणि तिची अभिवृद्धी’ असे शीर्षक आले आहे. मला हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे वाटतात. येथे ‘अभिवृद्धी’ हा शब्द योग्य ठरतो का?

उत्तर १ : उद्यानविद्येच्या परिभाषेत ‘अभिवृद्धी’ म्हणजे एका झाडापासून नवी झाडे तयार करणे, मग ती बियांपासून होवोत वा छाट, कलम, डोळा भरणे अशा मार्गांनी. शब्द चुकीचा नाही. पण परिभाषेबाहेरच्या वाचकाला ‘वृद्धी’ म्हटले की वाढच आठवते, आणि घोटाळा तेथेच होतो. गुलाबाच्या बाबतीत पद्धत निवडावी लागते, म्हणून तेथे हा शब्द शोभतो. झुकिनी मात्र बियांपासूनच लावतात, त्यामुळे ‘लागवड’ पुरेसे आहे.

क्रियापद मात्र नेमके हवे. बोटाने दोन-तीन सेंटीमीटर खोल भोक करून त्यात चपटे बी कडेवर उभे ठेवले आणि माती लोटली, की ते बी ‘टोकले’. त्याला ‘पेरले’ म्हणणे सैलपणाचे आहे. कुंडीत उगवलेले रोप आळ्यात हलवले, तर ते ‘लावले’.

उत्तर २ : वरील मताशी सहमत आहे, पण एक पुरवणी जोडतो. घरचे बी राखायचे असेल, तर ‘अभिवृद्धी’ हा शब्द झुकिनीलाही लागू पडतो. मुळात झुकिनी म्हणजे कोवळेपणी खाल्ला जाणारा भोपळाच. इटालियन आणि फ्रेंच भाषांतील तिच्या नावांचा, म्हणजे झुकिनी आणि कूर्जेट यांचा, अर्थही ‘छोटा भोपळा’ असाच आहे. बियाण्यासाठीचे फळ साल टणक होईपर्यंत झाडावर ‘जून’ होऊ द्यावे लागते. शिवाय त्याच जातीचे शोभेचे भोपळे जवळ असतील, तर मधमाश्या पराग मिसळतात आणि त्या बियांपासून येणारी फळे कडू, प्रसंगी विषारीही निघू शकतात. म्हणून उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी नर आणि मादी कळ्यांची तोंडे बांधतात, सकाळी नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादी फुलाला लावतात आणि मादी फूल पुन्हा बांधतात. मादी फूल ओळखणे सोपे आहे, कारण त्याच्या मागे बोटाएवढे फळ आधीच दिसते. बी संकरित वाणाचे असेल, तर हा सारा खटाटोप व्यर्थ, कारण पुढची झाडे मूळ वाणासारखी येत नाहीत.

जाता जाता : अनुवादात ‘झुकिनीचा वेल’ असेही लिहिले असल्यास ते तपासावे. तिचे बहुतेक वाण झुडपासारखे एका जागी वाढतात, म्हणून ‘झाड’ म्हणणेच बरे.